दूरध्वनीपासून कूटबद्ध संदेशापर्यंत : खासगीपणाच्या हक्काचा प्रवास

काल्हेरच्या गोदामांतील मालाची बोलणी आज व्हॉट्सॲपच्या कूटबद्ध संदेशांतून होतात. असे संभाषण शासनाने केव्हा ऐकावे, या प्रश्नाची मुळे मात्र दूरध्वनीच्या काळात सापडतात.

१९६४ साली, लाचेच्या प्रकरणात, मुंबईच्या कॉरोनरचे दूरध्वनीवरील बोलणे पोलिसांनी समोरच्या डॉक्टरांच्या संमतीने ध्वनिमुद्रित केले. मलकानी खटल्यात (१९७२) सर्वोच्च न्यायालयाने तो पुरावा ग्राह्य धरला. संरक्षण निरपराध नागरिकास आहे, अपराध्यास नव्हे, अशी न्यायालयाची भूमिका होती. ती सदोष होय. कारण संभाषण ऐकण्यापूर्वीच अपराधी कोण, हे ठरविणार कोण?

पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजच्या याचिकेवरील निकालाने (१९९६) दूरध्वनी-संभाषण खासगीपणाच्या कक्षेत आणले. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो हक्क मूलभूत ठरविला. याच आधारे मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये, पुन्हा लाचेच्याच प्रकरणात, आरोपीचा दूरध्वनी ऐकण्याचे आदेश रद्द केले आणि मुद्रित संभाषणे नष्ट करण्यास सांगितले. सार्वजनिक आणीबाणी वा सार्वजनिक सुरक्षितता, यांपैकी एकही कारण तेथे नव्हते.

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ मध्ये मात्र ही पूर्वअट नाही. २००८ च्या दुरुस्तीनंतर कोणत्याही अपराधाच्या तपासासाठी संदेश उकलून देण्याचा आदेश त्याखाली काढता येतो.