फोटोचा आकार: काच, कागद आणि केबी



‘फोटो किती साइजचा पाहिजे?’ हा प्रश्न कुंभवली-बोईसर पट्ट्यातल्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात दिवसातून दहादा ऐकू येतो. गंमत अशी, की ‘साइज’ या एका शब्दाखाली आपण तीन वेगळ्या गोष्टी बोलत असतो. एक म्हणजे कागदाची लांबी-रुंदी, दुसरी म्हणजे पिक्सेलची संख्या आणि तिसरी म्हणजे फाइलचं वजन, म्हणजे केबी-एमबी. या तिन्ही गोष्टी तीन वेगळ्या काळात आल्या. आज आपण त्या आल्या त्याच क्रमाने पाहू. मग फोटो केवढा ठेवावा आणि केवढा पाठवावा, हे पाठ करायची गरज राहणार नाही.

सुरुवात १८५४ सालापासून करू. त्या वर्षी मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. त्याच वर्षी पॅरिसमध्ये दिस्देरी नावाच्या छायाचित्रकाराने एका युक्तीचं पेटंट घेतलं. त्या काळी फोटो मोठा करून छापायची सोपी सोय नव्हती. काचेच्या निगेटिव्हला कागद चिकटवून धरायचा आणि उन्हात ठेवायचा. त्यामुळे काच जेवढी, तेवढाच फोटो. मोठा फोटो हवा तर मोठी काच, मोठा कॅमेरा आणि तो वाहायला माणसं. दिस्देरीने एकाच काचेवर आठ छोटे फोटो घेतले. प्रत्येक फोटो साधारण ५४ × ८९ मिलिमीटरचा. तो पुठ्ठ्यावर चिकटवला की झालं व्हिजिटिंग कार्ड. फोटो स्वस्त झाला, पाकिटात मावू लागला, टपालाने जाऊ लागला. ही कार्डं पुढे मुंबईच्या स्टुडिओंतही निघू लागली.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची. कार्ड प्रवासाला जायचं, पण काच स्टुडिओतच राहायची. राजा दीनदयाळ यांनी १८९६ मध्ये मुंबईत स्टुडिओ काढला. त्यांच्या दोन हजार आठशेहून अधिक काचा आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. काच टिकली म्हणून आज त्यातून हवा तेवढा मोठा फोटो काढता येतो. नुसती कार्डं उरली असती, तर कार्डाएवढंच दिसलं असतं.

पुढे रोल आला. आपल्यापैकी अनेकांच्या घरी आगफा क्लिक थ्री असेल. एका रोलमध्ये बारा फोटो, प्रत्येक ६ × ६ सेंटिमीटर. नंतर ३५ मिलिमीटरचा रोल घरोघर पोचला. त्याची चौकट २४ × ३६ मिलिमीटर, म्हणजे दोनास तीन. चार बाय सहा इंचाचा कागदही दोनास तीन, म्हणून तो फोटो त्यात बरोबर बसायचा. आजच्या बहुतेक मोबाइलचा फोटो तीनास चार असतो. तो चार बाय सहावर छापायला दिला की कडेचा भाग कापला जातो आणि आपण दुकानदारावर चिडतो. दोष त्याचा नाही, मापाचा आहे.

आता दुसरा काळ, पिक्सेलचा. १९५७ साली अमेरिकेत रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो संगणकात उतरवला. तो होता १७६ × १७६ ठिपक्यांचा, म्हणजे एकूण ३०,९७६ ठिपके. आज मोबाइलचा बारा मेगापिक्सेलचा फोटो ४००० × ३००० म्हणजे एक कोटी वीस लाख ठिपक्यांचा असतो. एवढे ठिपके लागतात कुठे? चार बाय सहा इंचाच्या चांगल्या छपाईला इंचाला ३०० ठिपके धरले, तर १२०० × १८०० पुरतात. मोबाइलच्या पडद्यावर नुसतं बघायचं असेल, तर लांब बाजू बारा-सोळाशे पिक्सेल असली की भागतं.

तिसरा काळ वजनाचा. १९९२ मध्ये जेपेग हे मानक आलं. डोळ्याला चटकन कळत नाहीत असे बारकावे टाकून द्यायचे आणि फाइल हलकी करायची, ही त्याची रीत. त्याची गरज का होती? १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा सगळं टेलिफोनच्या तारेवरून चालायचं. पुढे आलेल्या ५६ केबीपीएसच्या मोडेमवर सेकंदाला फार तर सात केबी. शंभर केबीच्या फोटोला पाव मिनिट, तीन एमबीच्या फोटोला सात मिनिटं! फोटो लहान करून पाठवणं हा तेव्हा शिष्टाचार होता.

ती मर्यादा आता राहिली नाही, पण अर्जांत ती अजून जिवंत आहे. बँकभरतीच्या आयबीपीएसच्या अर्जात फोटो २० ते ५० केबी आणि २०० × २३० पिक्सेल लागतो. अशा वेळी क्रम सांभाळा. आधी कातरा, मग पिक्सेल कमी करा आणि गुणवत्ता सगळ्यात शेवटी उतरवा. उलट केलं की चेहऱ्यावर चौकटी उमटतात, कारण जेपेग आठ बाय आठ ठिपक्यांच्या तुकड्यांत काम करतं. आपल्या वारली चित्रांच्या बारीक पांढऱ्या रेघांभोवती असाच धुरळा दिसतो. पाठवताना कॉम्प्युटरवर काढलेलं रेघांचं चित्र असेल, तर पीएनजी फाइल बरी.

पण मंडळी, खरा मुद्दा अर्जाचा नाही. तारापूर अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. लोकांचं पुनर्वसन झालं, पण गाव जिथे होतं तिथे राहिलं नाही. अशा गावाचा इतिहास कुठे सापडणार? लग्नाच्या, बारशाच्या फोटोंत. पुढे नवरा-नवरी आणि मागे ओटा, विहीर, एखादं झाड, दारावरचं नाव. फोटो लहान केला की चेहरा ओळखू येतो, म्हणून आपल्याला वाटतं काही बिघडलं नाही. पण मागचं सगळं पुसलं जातं. चेहरा टिकतो, गाव जातं.

व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो आपोआप लहान होतो. तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो, कुणी स्क्रीनशॉट काढतो, मूळ मोबाइल बिघडतो आणि उरते ती फक्त प्रवासातली प्रत. दीडशे वर्षांपूर्वी काच घरी राहायची. आपण काच फेकून कार्ड जपतो आहोत.

म्हणून जुना अल्बम काढा. चार बाय सहाचा फोटो इंचाला ६०० ठिपक्यांनी स्कॅन करा, म्हणजे ३६०० × २४०० मिळतात. सहा सेंटिमीटरचा चौकोनी फोटो असेल तर १२०० ने करा. मूळ जितकं लहान, स्कॅन तितकं बारीक. ती फाइल दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा आणि नावात गाव व साल लिहा. तिला हात लावायचा नाही. पाठवायला तिची वेगळी, लहान प्रत करा. मूळच द्यायचं असेल, तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

किती साइजचा, हे फोटो कुठे बघितला जाणार त्यावर ठरवा. पण आपल्याजवळ ठेवायचा तो मात्र पूर्ण ठेवा. उद्या कोणाला त्यात काय शोधायचं असेल, हे आज आपल्याला सांगता येत नाही.