ट्रॅक्टरचा टेम्परेचर काटा : इंजिन गरम की सेन्सर खराब?

मळणी किंवा रोटाव्हेटरचे काम सुरू असताना टेम्परेचरचा काटा लाल पट्ट्यात गेला की काही जण लगेच सेन्सर बदलतात, तर काही जण ‘मीटरच खराब आहे’ म्हणून काम चालूच ठेवतात. पहिल्या चुकीत थोडे पैसे जातात. दुसऱ्या चुकीत हेड गॅस्केट जाते, हेड वाकते आणि ऐन हंगामात ट्रॅक्टर उभा राहतो. त्यामुळे काटा खरा की खोटा, हे आधी तपासावे.

आधी इंजिन पाहा

काटा लाल पट्ट्यात दिसताच पीटीओ बंद करून भार काढावा आणि इंजिन दोन-तीन मिनिटे कमी रेसवर चालू द्यावे. वाफ निघत असेल, पाणी गळत असेल किंवा फॅन बेल्ट तुटला असेल, तर मात्र ते लगेच बंद करावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असते, झाकण सैल होताच ते उकळून अंगावर येते. तापलेल्या इंजिनात थंड पाणीही ओतू नये, हेड किंवा ब्लॉकला तडा जाऊ शकतो.

इंजिन थंड झाल्यावर कूलंटची पातळी, बेल्टचा ताण आणि रेडिएटरची जाळी पाहावी. सोयाबीन मळणीत जाळीवर भुश्याचा थर बसतो, उसाच्या फडात पाचट अडकते. यातले काही सापडले, तर काटा बहुधा खरेच सांगत होता.

काटा खोटा केव्हा समजावा?

सर्वांत सोपी परीक्षा सकाळी होते. रात्रभर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरची चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका. काटा थेट लाल पट्ट्यात गेला, तर सेन्सर आतून शॉर्ट आहे किंवा त्याची वायर कुठेतरी बॉडीला टेकते आहे. डिझेलचा काटाही सोबत चुकीचा दाखवत असेल, तर सेन्सर सोडून मीटरची अर्थिंग व पुरवठा तपासावा.

अर्धा तास नांगरट करूनही काटा हलला नाही, तर वायर तुटलेली असू शकते (शेडमध्ये उभ्या ट्रॅक्टरच्या वायरी उंदीर हमखास कुरतडतात), सेन्सर गेलेला असू शकतो किंवा थर्मोस्टॅट उघडाच अडकलेला असू शकतो. आमच्या मते हा दोष जास्त धोकादायक आहे. लाल काटा पाहून माणूस थांबतो, खाली पडलेला काटा पाहून थांबत नाही. कूलंट सेन्सरच्या खाली उतरले, तर सेन्सर पाण्याऐवजी हवेचे तापमान मोजतो. म्हणून वर गेलेला काटा भार न काढताच अचानक खाली आला, तर आधी ट्रॅक्टर थांबवा.

वायरची चाचणी

एका वायरच्या सेन्सरवर ही चाचणी करावी. चावी ऑन ठेवून सेन्सरची वायर काढा. काटा थंडच्या बाजूला गेला पाहिजे. तीच वायर क्षणभर इंजिनच्या स्वच्छ धातूला टेकवा; काटा गरमच्या टोकाकडे गेला पाहिजे. दोन्ही झाले, तर मीटर आणि वायर ठीक, दोष सेन्सरमध्ये. जुन्या काही ट्रॅक्टरवर वायरऐवजी तांब्याची बारीक नळी थेट मीटरपर्यंत जाते. तिथे ही चाचणी लागू नाही.

ईसीयू असलेल्या नव्या ट्रॅक्टरवर वायर बॉडीला टेकवू नये. तिथे कोड वाचून घ्यावा. एसपीएन ११० म्हणजे कूलंटचे तापमान. त्यासोबत एफएमआय ३ असेल तर बहुधा सर्किट तुटलेले, ४ असेल तर शॉर्ट, आणि ० असेल तर तापमान खरेच मर्यादेबाहेर गेले आहे. अशा वेळी सेन्सर बदलून उपयोग नाही.

सेन्सर काढून तपासणे

थंड इंजिनमधून सेन्सर काढून तो थर्मामीटरसोबत पाण्यात धरावा आणि पाणी तापवत मल्टिमीटरवर रोध पाहावा. पाणी तापेल तसा रोध सलग कमी झाला पाहिजे. ईसीयूच्या अनेक दोन वायरींच्या सेन्सरमध्ये तो २० अंश सेल्सिअसला साधारण २,५०० ओहम, तर ८० अंशांना ३०० ओहमच्या आसपास असतो. नेमके आकडे आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेत पाहावेत. रोध मध्येच उडी मारत असेल, तर सेन्सर बाद समजावा. बोअरचे क्षारयुक्त पाणी वापरले असल्यास टोकावर पांढरा थर दिसेल. तो साफ करून पुन्हा मोजावे.

नवा सेन्सर पार्ट नंबर पाहूनच घ्यावा. दुसऱ्या मॉडेलचा सेन्सर आट्यांत बसतो, पण तापमान चुकीचे दाखवतो. एका वायरचा सेन्सर आट्यांतूनच अर्थ घेतो, त्यामुळे गळती थांबवायला टेफ्लॉन टेप गुंडाळला, तर काटा कमी दाखवू शकतो. पितळी आटे जास्त आवळू नयेत. शेवटी कूलंट भरून हवा काढावी आणि पहिला तासभर काट्यावर लक्ष ठेवावे.