गोळीचा साचा : माळ्यावरचे एक विस्मृत अवजार



आपणां कासारांच्या कसबाची गोष्ट निघाली म्हणजे हंडे, घागरी, समया आणि देवांचे टाक यांचीच आठवण सर्वांस होते. आणि ते योग्यच आहे. परंतु धातू वितळविणाऱ्या हातांनी केवळ स्वयंपाकघर व देवघरच सजविले असे नाही. आज आम्ही ज्या वस्तूविषयी लिहीत आहो ती मुठीत मावेल एवढी लहान असून तिचे नावही नव्या पिढीस ठाऊक नाही. ती वस्तू म्हणजे बंदुकीची व पिस्तुलाची गोळी ओतण्याचा साचा.

आमच्या वडखळच्या घरी माळ्यावर असा एक पितळी साचा होता. लहानपणी आम्ही त्यास मोडका अडकित्ता समजत असू. दिसावयास तो तसाच होता. दोन दांड्या एका खिळ्यावर जोडलेल्या. पुढच्या दोन्ही जबड्यांत आतून अर्धगोल खळगी. जबडे मिटले की आत पूर्ण गोल पोकळी तयार होई. वरच्या बारीक छिद्रातून वितळलेले शिसे ओतावयाचे, थिजले की जबडे उघडून गोळी बाहेर काढावयाची आणि छिद्रात थिजलेली शेंडी कापून टाकावयाची. पेणच्या कारखान्यांत गणपतीचे साचे ज्यांनी पाहिले आहेत त्यांस याची रीत निराळी समजावून सांगावयास नको. भेद इतकाच की, मूर्तीस रेसभर कमी-जास्त चालते, गोळीस ते चालत नाही.

हा भेद का पडतो, हे समजल्यावाचून साच्याचे महत्त्व कळणार नाही. जुन्या ठासणीच्या बंदुकीची नळी लोहार लोखंडाची पट्टी तापवून, गजाभोवती गुंडाळून, ठोकून घडवीत असे आणि मग आतून हाताने कोरीत असे. त्यामुळे एकाच लोहाराने केलेल्या दोन नळ्याही आतून तंतोतंत सारख्या नसत. म्हणून साचा बाजारातून आणावयाचा व कोणत्याही बंदुकीस वापरावयाचा, असे होत नसे. नळीचे माप घेऊन साचा करावा लागे. बंदूक विकली तर साचा तिच्याबरोबर जाई.

गोळी नळीच्या तोंडाएवढी करून भागत नसे. ती किंचित लहान ठेवावी लागे. कारण दारूची काजळी नळीत साठत जाते आणि पुष्कळदा गोळीभोवती चिंधीही गुंडाळावयाची असते. गोळी मोठी झाली तर ती गजाने ठासताना मध्येच अडके, आणि तशी बंदूक उडविली तर नळी फुटून धरणाऱ्याच्याच हाताचा घात होई. उलट फार लहान झाली तर दारूचा जोर तिच्या कडेने निसटून जाई आणि नेम चुके. कंपनी सरकारच्या पायदळाच्या बंदुकीची नळी पाऊण इंच व्यासाची, तर तिची गोळी सुमारे ०.६९ इंचाची असे. एवढे अंतर ठेवल्याने भराभर ठासता येई. नेम मात्र ढिला पडे.

साचा कशाचा असावा, हाही विचाराचा विषय होता. लोखंडी साचा टिकाऊ खरा, पण आपल्या खारपाटातील हवेत एका पावसाळ्यात त्यास आतून गंज चढतो आणि खळगीचा गुळगुळीतपणा जातो. पितळी साचा गंजत नाही व लवकर तापतो. परंतु त्याचा दोष आपल्या घरांतील बायकामुलांसही कळेल. भांड्यास कल्हई का बसते? पितळेस कथील धरते म्हणून. शिशात कथील मिसळलेले असेल आणि साचा स्वच्छ ठेवला नसेल, तर तेच कथील खळगीस चिकटून गोळीचे माप बिघडवी. म्हणून खळगीस दिव्याची काजळी धरण्याची रीत होती. साचा थंड असला तर गोळीवर सुरकुत्या पडत. आणि त्यात पाण्याचा थेंब राहिला असला तर त्याची वाफ होऊन तापलेले शिसे तोंडावर उडे. शिसे सुमारे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. घरच्या कोळशावर ते सहज वितळते, यातच त्याची सोय होती व धोकाही होता. कारण त्याचा धूर व भुकटी पोटात गेल्यास विषबाधा होते.

आता 'बारा बोअर' हा शब्द घ्या. तो पुष्कळांच्या तोंडी असतो, परंतु बारा म्हणजे काय ते थोड्यांसच ठाऊक असते. एक रत्तल, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांतील एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअरची नळी. गणित करून पाहिले तर अशी गोळी सुमारे ३८ ग्रॅमची व साडेअठरा मिलिमीटर व्यासाची भरते. घरोघरी साचे वापरीत असत त्या काळची ही खूण भाषेत अजून शिल्लक आहे.

पिस्तुलाचेही असेच होते. घोडेस्वाराची आखूड बंदूक व पिस्तूल एकाच मापाची ठेवण्याचा प्रघात इंग्रजी घोडदळात पडला, तो एकच गोळी दोहोंस चालावी म्हणून. पुढे अमेरिकेत सॅम्युएल कोल्ट याने १८३६ मध्ये फिरत्या चक्राच्या पिस्तुलाचे स्वामित्वपत्र घेतले. त्याच्या पिस्तुलांच्या पेटीत दारूच्या डबीबरोबर साचाही असे. पुष्कळ साच्यांस दोन खळग्या असत, एक गोल गोळीची व दुसरी निमुळत्या गोळीची. घेणाऱ्याने घरी बसून आपली गोळी आपण ओतावी, अशी ती व्यवस्था होती.

साचा घरचा असला तरी शिसे घरचे नव्हते. आपल्या कोकणात ते बहुधा समुद्रमार्गे परक्या व्यापाऱ्यांकडूनच येई. शिवछत्रपतींनी १६७३ च्या सुमारास सुरतेच्या फ्रेंचांकडून तोफा व बंदुकांपुरते शिसे विकत घेतल्याचे ग्रँट डफ लिहितो. परक्यांवर विसंबण्याचा धोकाही महाराजांस अनुभवास आला होता. १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रजांनी सिद्दी जौहरास दारूगोळ्याची मदत केली, आणि १६६१ मध्ये महाराजांनी राजापूर गाठून त्यांस शासन केले. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दारूखाना वस्तीपासून दूर असावा व दारूस वेळोवेळी ऊन द्यावे, असे बारकाईने सांगितले आहे. दारूगोळा ज्याच्या हाती, राज्य त्याच्या हाती, हे आपले पूर्वज ओळखून होते.

इंग्रजांनीही ते ओळखले. १८५३ च्या नमुन्याच्या एन्फील्ड बंदुकीची नळी आतून आटे पाडलेली, तिची काडतुसे चरबी लावलेल्या कागदाची. आणि त्यांवरून १८५७ मध्ये काय झाले ते सर्वश्रुत आहे. त्यानंतर जनतेच्या हातून शस्त्रे काढून घेण्याचे धोरण अधिक कडक झाले. १८६९ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे दारूगोळ्याचा सरकारी कारखाना निघाला; १८७८ मध्ये शस्त्रांचा कायदा आला. परवान्यावाचून हिंदी मनुष्यास बंदूक बाळगता येईना, मात्र युरोपियनांस त्यातून सूट होती. पुढच्याच वर्षी, १८७९ मध्ये, आपल्याच जिल्ह्यातील शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके यांनी सशस्त्र उठाव केला. पण २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, तेव्हा बंदुका सरकारच्याच हाती होत्या. त्यांतील गोळ्या कोणा गावच्या साच्यातल्या नव्हत्या. धातूचे काडतूस आले, त्याबरोबर ओतण्याचे काम घरातून उठून कारखान्यात गेले; कायद्याने उरलेले मिटविले.

म्हणूनच आमच्या माळ्यावरील साचा कोणत्या बंदुकीचा होता, हे सांगणारे कोणी उरले नव्हते. बंदूक केव्हाच गेली होती. आमचे आजोबा त्यात पागाच्या जाळ्याची शिसे ओतीत. ज्या खळगीचे माप एके काळी केसाच्या अंतराने पाहिले गेले असेल, तिच्यातून मासे धरण्याची वजने निघत. त्यात आम्हांस लाज वाटत नाही; अवजाराने पोटास दिले, इतकेच.

लाज वाटते ती निराळ्याच गोष्टीची. काही वर्षांपूर्वी घराची दुरुस्ती काढली, तेव्हा माळ्यावरील जुनी भांडी आम्हीच भंगारवाल्यास वजनावर दिली आणि साचाही त्यांबरोबर गेला. आयुष्यभर मुलांस इतिहास शिकविला, आणि घरातला इतिहास किलोच्या भावाने विकला. आठवण झाली तेव्हा धावत वडखळच्या नाक्यावर गेलो. पण माल तोपर्यंत पुढे गेला होता.

यास्तव ज्ञातिबांधवांस आमची कळकळीची विनंती आहे. आपल्या घरी असा साचा असेल तर तो वितळवू नका आणि त्यातून गोळ्या ओतण्याच्या मोहातही पडू नका. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे परवान्यावाचून दारूगोळा तयार करणे हा गंभीर गुन्हा आहे, आणि दारूगोळ्याच्या व्याख्येत तो बनविण्याची यंत्रसामग्रीही येते. तेव्हा अशी वस्तू सापडल्यास प्रथम पोलीस ठाण्यात विचारावे आणि मग एखाद्या वस्तुसंग्रहालयाकडे ती सोपविण्याचे पाहावे. ती कोठून आली, कोणी वापरली, कोणत्या कामास लावली, हे घरच्या वडीलधाऱ्यांस आजच विचारून कागदावर लिहून ठेवावे. साच्याचे माप पुन्हा घेता येईल. सांगणारा माणूस गेला म्हणजे त्याची हकीकत पुन्हा ओतता येत नाही.