आगकाड्यांची हरवलेली मौज

दादासाहेब फाळके ह्यांनीं १९१२ च्या सुमारास वाटाण्याच्या रोपाची वाढ ठराविक अंतरानें टिपून पडद्यावर क्षणांत घडविली. पुढें 'आगकाड्यांची मौज' ह्या लघुपटांत तशाच युक्तीनें निर्जीव काड्या हलूं लागल्या. तो लघुपट आज उपलब्ध नाहीं. तत्कालीन नायट्रेटच्या फिती चटकन् पेट घेत आणि नुसत्या पडून राहिल्या तरी कुजत. अमेरिकेंतील १९३७ चा 'स्नो व्हाइट' हा कार्टून बोलपट मात्र जपला गेला. म्हणूनच १९९३ मध्यें संगणकाच्या साहाय्यानें त्यावरील डाग पुसतां आले व २००९ सालीं तो ब्लू-रे तबकडीवरून घरोघरीं पोंचला. पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालें तें १९६४ मध्यें, फाळक्यांच्या निधनानंतर वीस वर्षांनीं. जीर्णोद्धार उरलेल्या वास्तूचाच होतो. जिची वीटहि उरली नाहीं, तिचा नव्हे.