लहान दुर्बिणीची लक्ष्ये : एका यादीचा इतिहास

चंद्राची विवरे, गुरूचे चार चंद्र, शनीचे कडे, कृत्तिका, मृगातला तेजोमेघ, देवयानी दीर्घिका. नवी दुर्बीण घेतलेल्याला पहिल्या वर्षात जे पाहायला सांगतात, त्याची ही यादी कोणी एकाने बसून केलेली नाही. ती चारशे वर्षांत, लहान दुर्बिणी वापरणाऱ्यांच्या हातून घडत गेली. तिच्यातल्या बऱ्याच गोष्टी तर वेगळ्याच कारणाने नोंदल्या गेल्या.

१६०९ च्या नोव्हेंबरअखेरीस पादुआ येथे गॅलिलिओने सुमारे वीसपट वर्धन असलेली दुर्बीण चंद्राकडे वळवली. तिच्यातून एका वेळी चंद्राचा जेमतेम अर्धा व्यास दिसे. तरीही उजेड आणि अंधार यांच्या सीमेपलीकडे, काळोख्या भागात काही ठिपके एकेकटे चमकताना त्याला दिसले. तासा-दोन तासांत ते वाढले आणि उजळ भागाला जाऊन मिळाले. ती पर्वतांची शिखरे होती. सूर्याचे ऊन त्यांच्या माथ्यावर आधी पोहोचले होते. चंद्र पौर्णिमेऐवजी अष्टमीच्या सुमारास पाहावा, हा आजचा सल्ला याच निरीक्षणावर उभा आहे. पौर्णिमेला सावल्याच नसतात, त्यामुळे सगळे सपाट दिसते. ७ जानेवारी १६१० रोजी त्याला गुरूजवळ एका रेषेत तीन ‘तारे’ दिसले, दोन पूर्वेला आणि एक पश्चिमेला. दुसऱ्या रात्री तिन्ही पश्चिमेला होते. १३ तारखेला चौथाही सापडला. मार्चमध्ये व्हेनिसला छापलेल्या त्याच्या छोट्या पुस्तकात कृत्तिकेतल्या चाळीसहून अधिक मंद ताऱ्यांचा उल्लेख आहे. मृगाच्या तेजोमेघाचा मात्र त्यात मागमूस नाही. शनीही त्याला तीन गोळे चिकटल्यासारखा दिसला. ते कडे आहे, हे डच खगोलज्ञ हॉयगेन्सने १६५९ साली ग्रंथातून मांडले. आज साठ मिलिमीटरच्या साध्या दुर्बिणीतून शाळकरी मूलही ते कडे ओळखते. सोपे काय आणि अवघड काय, हे आकाशाइतकेच भिंगावर ठरते.

जोडताऱ्यांच्या निरीक्षणाची सुरुवातही याच पिढीत झाली. सप्तर्षीतल्या वसिष्ठाशेजारची अरुंधती नवदांपत्याला दाखवण्याची आपल्याकडची रीत जुनी आहे. आधी ठळक तारा दाखवायचा आणि त्याच्या आधाराने मंद ताऱ्याकडे न्यायचे, यावरूनच संस्कृतात ‘स्थूलारुंधती न्याय’ असे नाव रूढ झाले. दुर्बीण लावताना ताऱ्याताऱ्याने पुढे सरकण्याची जी पद्धत शिकवतात, ती नेमकी हीच. १६१७ च्या जानेवारीत गॅलिलिओचा शिष्य कास्तेली याने त्याला वसिष्ठ पाहण्याविषयी लिहिले, आणि वसिष्ठ स्वतःच दुहेरी असल्याचे गॅलिलिओने टिपून ठेवले. त्या दोन ताऱ्यांमधले अंतर अवघे चौदा विकला आहे. लहान दुर्बिणीला ते सहज पेलते, म्हणून वसिष्ठ आजही पहिल्या धड्यात असतो.

यादीला क्रमांक मिळाले ते शार्ल मेसिए या फ्रेंच निरीक्षकामुळे. लोरेन प्रांतात १७३० साली जन्मलेला मेसिए एकविसाव्या वर्षी पॅरिसला आला आणि आरमाराचा ज्योतिषी दलील याच्याकडे कारकून झाला. धूमकेतू शोधणे हा त्याचा ध्यास होता. २८ ऑगस्ट १७५८ रोजी एका धूमकेतूचा माग घेताना वृषभाच्या शिंगाच्या टोकाजवळ त्याला एक धूसर डाग दिसला. धूमकेतू रोज ताऱ्यांमधून सरकतो. हा डाग जागचा हलला नाही. अशा फसव्या डागांची नोंद करून ठेवावी, म्हणजे शोधणाऱ्यांची दिशाभूल टळेल, असे त्याने ठरवले. १७६४ साली सुमारे सहा महिन्यांत त्याने ३ ते ४० क्रमांकांच्या नोंदी केल्या. पहिली छापील यादी ४५ वस्तूंची होती. १७८१ मध्ये, सहकारी मेशँ याच्या मदतीने, ती १०३ वर पोहोचली. विसाव्या शतकात अभ्यासकांनी मेसिए आणि मेशँ यांच्या टिपणांवरून भर घालून ११० ची यादी मान्य केली.

म्हणजे टाळायच्या गोष्टींची यादी पुढे आवर्जून पाहायच्या गोष्टींची यादी झाली. याचे कारण मेसिएच्या साधनांत आहे. त्याच्या चांगल्या दुर्बिणींचे भिंग सुमारे नव्वद मिलिमीटरचे होते, म्हणजे आजच्या हौशी माणसाच्या पहिल्या दुर्बिणीएवढेच. त्याला जे दिसले ते नवख्यालाही दिसू शकते. याच काळात विल्यम हर्शेलने मोठे आरसे घडवून अडीच हजार तेजोमेघ आणि गुच्छ नोंदले, पण त्यातले बहुतेक लहान दुर्बिणीच्या आवाक्याबाहेरचे आहेत.

क्रमांकाला मात्र भुलू नये. पहिल्या क्रमांकाचा वृषभातला डाग अंधाऱ्या आकाशाखेरीज दिसतच नाही, आणि ४२, ४४, ४५ या क्रमांकांचे मृगाचा तेजोमेघ, पुष्यातला गुच्छ आणि कृत्तिका हेच सुरुवातीला योग्य. कृत्तिकेला धूमकेतू समजण्याची चूक कोणीही करणार नाही. दक्षिण गोलार्धातून फ्रेंच खगोलज्ञ लाकाय याने केलेल्या ४२ वस्तूंच्या यादीपेक्षा आपली यादी मोठी व्हावी म्हणून मेसिएने पहिल्या यादीच्या शेवटी या ठळक वस्तू घातल्या असाव्यात, असा एक तर्क आहे. शौरीतल्या तेराव्या क्रमांकाविषयी त्याने ‘तारे नसलेला तेजोमेघ’ असे नोंदवले. तो लाखो ताऱ्यांचा गोलाकार गुच्छ आहे. आज सहा इंची आरशातून त्याच्या कडेचे तारे सुटे दिसू लागतात.

हौशी माणसाला समोर ठेवून लिहिण्याची परंपरा इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात आली. आरमारी अधिकारी स्माइथ याने बेडफर्ड गावी ५.९ इंची भिंगातून केलेल्या निरीक्षणांवर १८४४ साली ८५० वस्तूंचा ग्रंथ काढला. रंगांची त्याला विलक्षण ओढ होती. हंसाच्या चोचीतला जोडतारा त्याने पुष्कराज आणि नीलम या रत्नांच्या रंगांत वर्णिला. तो तारा ज्याने प्रथमच नेत्रिकेतून पाहिला, त्याला ही उपमा अतिशयोक्तीची वाटत नाही. १८५९ साली हार्डविकचा धर्मगुरू टॉमस वेब याने साध्या दुर्बिणींसाठी मार्गदर्शक पुस्तक लिहिले. त्याने वापरलेले भिंग ३.७ इंची होते. विसाव्या शतकातही त्या पुस्तकाच्या आवृत्त्या निघत राहिल्या.

या साऱ्या याद्यांवर लिहिणाऱ्याच्या गावाची छाप आहे. मेसिएने दक्षिणेकडची जी सर्वांत टोकाची वस्तू नोंदली, तो वृश्चिकाच्या नांगीजवळचा सातव्या क्रमांकाचा गुच्छ पॅरिसच्या क्षितिजावर जेमतेम सहा अंश चढतो. पुण्याहून तो छत्तीस अंशांवर येतो आणि काळोख्या रात्री नुसत्या डोळ्यांनाही दिसतो. नरतुरंगातला ओमेगा हा सर्वांत तेजस्वी गोलाकार गुच्छ पॅरिसला उगवतच नाही, म्हणून मेसिएच्या यादीत तो नाही. महाराष्ट्रातून मे महिन्यात तो दक्षिणेकडे चोवीस अंशांच्या आसपास छान दिसतो. ब्रिटिश खगोललेखक पॅट्रिक मूर यांनी १९९५ साली केलेल्या १०९ वस्तूंच्या यादीत त्याला ८० वा क्रमांक मिळाला.

मेसिएच्या यादीत एक योगायोग दडलेला आहे. मार्चअखेर सूर्य आकाशाच्या ज्या भागात असतो, तिथे तिच्यातल्या वस्तू जवळपास नाहीत. त्यामुळे अमावास्येच्या सुमारास सगळ्या ११० एका रात्रीत पाहता येतात. १९७० च्या दशकात अमेरिका आणि स्पेनमधल्या हौशी निरीक्षकांनी हा उपक्रम सुरू केला. मावळतीच्या संधिप्रकाशात मीनेतल्या ७४ व्या आणि तिमिंगलातल्या ७७ व्या क्रमांकापासून आरंभ करायचा, मध्यरात्री कन्येतल्या दीर्घिकांच्या गर्दीतून वाट काढायची, आणि उजाडण्याआधी मकरेतला ३० वा क्रमांक क्षितिजावर शोधायचा. तो बहुतेकदा उजेडात हरवतो.