तौलनिक साहित्य आणि मुखेडचा विद्यार्थी

नांदेड जिल्ह्याच्या दक्षिण भागांत, गोदावरीच्या अलीकडे, मुखेड तालुका वसलेला आहे. पूर्वेकडे थोडें अंतर गेलें कीं तेलंगण लागतें, दक्षिणेकडे कर्नाटक; आणि १९४८ पर्यंत निजामाचें राज्य असल्यामुळें उर्दूचा संस्कार येथें घरोघर पोहोंचलेला. अशा गांवचा एखादा पदवीधर तौलनिक साहित्याच्या पदव्युत्तर वर्गासाठीं अर्ज लिहावयास बसला, म्हणजे एका प्रश्नापाशीं त्याची लेखणी अडखळते: किती भाषांतील वाङ्मय मूळांतून वाचतां येतें? प्रश्न साधा दिसतो. पण त्याच्या उत्तरामागें ह्या प्रांताचा सारा इतिहास उभा आहे.

कोणत्याहि एका भाषेचें साहित्य एकटें वाढत नाहीं, ह्या जाणिवेंतून हें शास्त्र जन्मास आलें. १८२७ सालीं गटे ह्या जर्मन महाकवीनें विश्वसाहित्याचा युग आल्याचें प्रतिपादन केलें. १९०७ सालीं रवींद्रनाथांनीं कलकत्त्यास 'विश्वसाहित्य' ह्या विषयावर व्याख्यान दिलें. आणि १९५६ सालीं जादवपूर विद्यापीठांत बुद्धदेव बसु यांनीं ह्या विषयाचा स्वतंत्र विभाग उभा केला.

योगायोग असा कीं, त्याच वर्षाच्या १ नोव्हेंबरला हिंदुस्थानांत भाषावार राज्यरचना अमलांत आली. हैदराबाद राज्याचे तीन भाग झाले. नांदेड जिल्ह्यांतील मुधोळ तालुका, तसेंच देगलूरकडील बिचकुंदा आणि जुक्कल हा मुलूख आंध्र प्रदेशांत गेला. बिदरचा मोठा भाग तेव्हांच्या म्हैसूर राज्यास जोडला गेला. बंगालमध्यें साहित्यांच्या सीमा ओलांडण्याचा अभ्यास सुरू होत होता, आणि मराठवाड्याच्या कडेला भाषांच्या सीमा आंखल्या जात होत्या. ह्या रचनेनें मराठी मुलास मातृभाषेंतून शिक्षण आणि कारभार मिळाला, हा लाभ थोर होय. मात्र शेजारची भाषा कानांत राहिली, तरी तिचीं अक्षरें हातांतून गेलीं.

तत्पूर्वींची स्थिति अधिक चांगली होती, असें मात्र कोणीं समजूं नये. १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें माध्यम उर्दू होतें. मराठी विद्यार्थ्यास उच्च शिक्षणाचा उंबरठा परक्या भाषेंतूनच ओलांडावा लागे. तें बहुभाषित्व स्वेच्छेचें नव्हतें. तथापि त्या सक्तीचेंहि सोनें करणारे पुरुष निपजले. १९१० सालीं निलंगा येथें जन्मलेले सेतुमाधवराव पगडी हे त्यांपैकीं अग्रगण्य. त्यांनीं उर्दू काव्य मराठींत आणलें, फारसी साधनांतून मराठ्यांचा इतिहास उजेडांत आणला, आणि आदिलाबादेकडे नोकरीस असतांना गोंडी भाषेचाहि अभ्यास केला. त्यांनीं तौलनिक साहित्याची पदवी घेतली नव्हती. पण त्या विद्येचें मर्म त्यांच्या ग्रंथांत आहे.

आजच्या अर्जदारास हेतुपत्र, विवेचक लेखाचा नमुना आणि गुरुजनांचीं शिफारसपत्रें सादर करावीं लागतात. कोठें प्रवेशपरीक्षाहि असते. पाश्चात्य नांवांची माळ ओंवली म्हणजे हेतुपत्र भारदस्त होतें, ही समजूत चुकीची आहे. मुखेडच्या विद्यार्थ्यापाशीं त्याहून मोलाचा विषय आहे. नवव्या शतकांतील 'कविराजमार्ग' हा कानडी ग्रंथ कानडी देशाची मर्यादा कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगतो, म्हणजे मुखेडची भूमि तींत येते. आणि त्याच ग्रंथाची मांडणी दंडीच्या संस्कृत काव्यशास्त्राला अनुसरते. पुढें वीरशैव परंपरेंतील मन्मथस्वामींनीं 'परमरहस्य' मराठींत रचलें. कानडींत वाढलेला विचार मराठींत उतरतांना कोणतें रूप घेतो, हा प्रश्न पुस्तकी नाहीं. तो ह्या गांवांतील घराघरांतला आहे.

परंतु प्रश्न सुचणें निराळें आणि त्याचें उत्तर देण्याची पात्रता निराळी. बाजारांत कानडी समजली म्हणून वचनवाङ्मय वाचतां येत नाहीं. गझल ऐकतांना मान डोलली म्हणून उर्दू लिपि येत नाहीं. अर्जांतील भाषेच्या रकान्यांत खरें तेंच लिहावें, आणि अर्ज धाडण्यापूर्वींच शेजारची एक लिपि शिकावयास बसावें. देगलूरच्या पलीकडे आंखलेली रेषा राज्यकारभाराची आहे. ती वाचकाच्या डोळ्यांवरहि ओढली जावी कीं नाहीं, हें त्या विद्यार्थ्यानेंच ठरवावयाचें आहे.