वेध, भाषांतर आणि तारकासूची : जयपूरच्या जगन्नाथ सम्राटाचे पुनर्वाचन

जयपूरच्या वेधशाळेविषयीच्या लेखनात एक प्रश्न वारंवार उपस्थित केला जातो. गॅलिलिओने १६०९ मध्ये दुर्बीण आकाशाकडे वळविली. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी सवाई जयसिंहाने (१६८८–१७४३) दगडचुन्याची यंत्रे का उभारली? या प्रश्नाची दोन ठरीव उत्तरे आहेत. एका पक्षाला त्यात मागासलेपणा दिसतो, तर दुसऱ्याला परकीय विद्येपासून अलिप्त राहिलेल्या स्वदेशी परंपरेचा अभिमान वाटतो. दोन्ही उत्तरे यंत्रांकडे पाहून दिलेली आहेत. त्या यंत्रांच्या बरोबरीने सिद्ध झालेल्या ग्रंथांकडे त्यांचे पुरेसे लक्ष नाही. जयपूरचे ज्योतिष हा जितका स्थापत्याचा तितकाच भाषांतराचा उपक्रम होता, आणि त्याचे यश व मर्यादा या दोहोंचा उलगडा भाषांतराच्या इतिहासातून होतो, असे प्रस्तुत निबंधात प्रतिपादन करावयाचे आहे.

१. मापनाची दृष्टी

दिल्ली, जयपूर, मथुरा, वाराणसी आणि उज्जैन या पाच ठिकाणी जयसिंहाने वेधशाळा बांधल्या. त्यांपैकी मथुरेची आज अस्तित्वात नाही. जयपूरच्या वेधशाळेचा समावेश २०१० मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. तेथील बृहत् सम्राट यंत्राचा शंकू सुमारे २७ मीटर उंच असून त्याच्या छायेवरून दोन सेकंदांपर्यंतचा काल वाचता यावा अशी त्याची आखणी आहे. हा भव्यपणा वैभवाच्या प्रदर्शनासाठी नव्हता. बादशहा महंमदशहास अर्पण केलेल्या ‘झीज-इ-महंमदशाही’ या फारसी ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्याचे कारण स्पष्ट दिलेले आहे. (झीज म्हणजे ग्रहगणिताच्या कोष्टकांचा ग्रंथ.) पितळेची यंत्रे आकाराने लहान, त्यांचे आस झिजतात, केंद्र सरकते, म्हणून स्थिर आणि विशाल यंत्रे हवीत, असा तो युक्तिवाद आहे.

जयसिंहाला दुर्बीण अपरिचित नव्हती. याच ग्रंथात दुर्बिणीतून दिसणाऱ्या बुध-शुक्रांच्या कला, गुरूचे चार उपग्रह, सूर्यावरील डाग आणि शनीचा लांबट आकार यांचा उल्लेख आहे. परंतु त्याला हवे होते ते खस्थ गोलांचे स्थान. दुर्बीण दूरची वस्तू जवळ दाखविते. ती वस्तू नेमकी किती अंश-कलांवर आहे हे केवळ त्यामुळे कळत नाही. त्यासाठी दृष्टिक्षेत्रात सूक्ष्म तंतू बसवून ती मोजपट्टीच्या यंत्राला जोडावी लागते. युरोपात हे तंत्र सतराव्या शतकात विकसित झाले होते, मात्र जयपूरला ते पोहोचल्याचे तेथील यंत्रांवरून दिसत नाही. म्हणजे दर्शनाचे साधन आले, पण त्याला मापनाचे साधन बनविणारी कृती आली नाही.

२. दोन प्रारंभ

या उपक्रमातील मध्यवर्ती पंडित जगन्नाथ सम्राट हा महाराष्ट्रीय ब्राह्मण होता. शिवाजी महाराजांवरील स्वारीच्या वेळी जयसिंहाने त्याला दक्षिणेतून नेले, अशी एक आख्यायिका आहे. ती कालदृष्ट्या टिकत नाही : १६६५ मध्ये पुरंदरचा तह करणारा मिर्झाराजा जयसिंह निराळा, आणि सवाई जयसिंहाचा जन्म त्यानंतर तेवीस वर्षांनी झालेला. दोन जयसिंहांचा येथे घोटाळा झालेला आहे. निर्विवाद आहे ते एवढे की, जगन्नाथाने अरबी विद्या आत्मसात करून नसीरुद्दीन तूसीच्या दोन अरबी संस्करणांना संस्कृत रूप दिले. युक्लिडच्या भूमितीचे ‘रेखागणित’ झाले आणि टॉलेमीच्या ‘अल्माजेस्ट’चा ‘सिद्धान्तसम्राट’ (१७३२) झाला.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने या दोन ग्रंथांचे प्रारंभ शेजारी ठेवून वाचावेत. ‘रेखागणिता’च्या आरंभी हे शास्त्र ब्रह्मदेवाने विश्वकर्म्याला सांगितले, परंपरेने ते पृथ्वीवर आले, पुढे लुप्त झाले आणि जयसिंहाच्या आज्ञेने पुन्हा प्रकट केले, अशी कथा येते. भाषांतर येथे पुनरुद्धाराच्या वेषात अवतरते. ‘सिद्धान्तसम्राटा’त मात्र ‘मिजास्ती’ नावाचा ग्रंथ अरबी भाषेत आहे आणि तो गणकांना कळावा म्हणून संस्कृतात आणला आहे, असे सरळ सांगितलेले आहे. एकाच लेखकाने एका ठिकाणी ऋण पुराणकथेत झाकले, दुसऱ्या ठिकाणी ते उघड मान्य केले.

या भेदाचा उलगडा ग्रंथांच्या स्वरूपात शोधता येईल. भूमितीच्या सिद्धतेला देशकाल नसतो. ती कोणाच्याही मुखातून येवो, तिचे प्रामाण्य बदलत नाही. वेधाचे तसे नाही. अमुक दिवशी, अमुक स्थळी, अमुक व्यक्तीने ग्रह पाहिला, यातील व्यक्ती, स्थळ आणि काल गाळले तर तो वेध निरुपयोगी ठरतो. म्हणून हिप्पार्कस आणि टॉलेमी यांची नावे अरबी उच्चारांच्या वळणाने संस्कृतात आली आणि त्यांना विश्वकर्म्याच्या परंपरेत विलीन करणे शक्य झाले नाही. वेधाचे शास्त्र ऋणाची नोंद ठेवण्यास भाग पाडते, हा ‘सिद्धान्तसम्राटा’चा सांस्कृतिक अर्थ आहे.

३. सिद्धान्ताविना आलेले आकडे

जयसिंहाचे कुतूहल अरबी-फारसी ग्रंथांपुरते मर्यादित नव्हते. पाद्री मॅन्युएल द फिगेरेदो यांच्याबरोबर त्याने पोर्तुगालला मंडळ पाठविले. ते परतताना फिलिप द ला हायर या फ्रेंच ज्योतिर्विदाची कोष्टके घेऊन आले. जयपूरच्या वेधांशी ती ताडून पाहिली तेव्हा चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाचा फरक आढळला, आणि युरोपीय यंत्रे लहान असल्याने असे होते, असा निष्कर्ष काढण्यात आला. पुढे केवलराम या ज्योतिषाने ही कोष्टके संस्कृतात आणली.

येथे ग्रंथाची निवड निर्णायक ठरली. ला हायरने आपली कोष्टके कोणताही सिद्धान्त गृहीत न धरता केवळ वेधांवरून रचली, असा दावा केला होता. त्यामुळे त्यांतून कोपर्निकस, केप्लर किंवा न्यूटन यांच्या मताची उपपत्ती वाचकापुढे येण्याचा संभव नव्हता. आकडे समुद्र ओलांडून आले. त्या आकड्यांमागील वाद मागेच राहिला. भाषांतराच्या मार्गाने कोणते ग्रंथ पोहोचतात यावर एखाद्या ज्ञानपरंपरेची दिशा किती अवलंबून असते, याचे हे ठळक उदाहरण मानावे लागेल.

४. सूचीचा प्रवास

‘झीज-इ-महंमदशाही’तील तारकासूची ही समरकंदच्या उलुग बेगच्या पंधराव्या शतकातील सूचीवर आधारलेली आहे, अयनचलनासाठी तिच्यातील भोगांत ४ अंश ८ कला मिळविल्या आहेत. उलुग बेगची सूची पुन्हा टॉलेमीच्या सूचीच्या वळणाची, आणि टॉलेमीच्या पाठीमागे हिप्पार्कस. ग्रीक, अरबी, फारसी आणि संस्कृत अशा भाषांतून सुमारे हजार ताऱ्यांची ही यादी दोन सहस्रकांच्या जवळपास वाहत राहिली.

तिचा पुढचा टप्पा अवकाशात आहे. वातावरणामुळे ताऱ्याचा प्रकाश वाकतो आणि थरथरतो. जमिनीवरील यंत्र कितीही मोठे केले तरी ही अडचण सुटत नाही. म्हणून युरोपीय अवकाश संस्थेने १९८९ मध्ये केवळ ताऱ्यांची स्थाने मोजण्यासाठी एक उपग्रह सोडला आणि त्याला हिप्पार्कसचे स्मरण देणारे ‘हिप्पारकोस’ हे नाव ठेवले. त्याच्या सूचीत १,१८,२१८ तारे आहेत. नुसत्या डोळ्यांची मर्यादा सुमारे एक कला. हिप्पारकोसची अचूकता तिच्या साधारण साठ हजाराव्या भागाइतकी होती. २०१३ मध्ये सोडलेल्या आणि जानेवारी २०२५ पर्यंत वेध घेणाऱ्या ‘गाया’ने सुमारे १८० कोटी ताऱ्यांची नोंद केली. हबल किंवा जेम्स वेब यांच्या छायाचित्रांइतकी या सूचींना लोकप्रियता नाही. तथापि ताऱ्यांची अंतरे आणि आकाशगंगेची रचना यांविषयीचे आजचे ज्ञान त्यांच्यावर उभे आहे. जयपूरची परंपरा दर्शनाच्या नव्हे, मापनाच्या बाजूची होती. गायामध्ये दुर्बीण आणि मापन एकत्र आलेली आहेत. जयपूरमध्ये ती एकाच प्रांगणात असूनही जोडली गेली नाहीत.

५. वाचकांचा अभाव

१७४३ मध्ये जयसिंहाचा मृत्यू झाला आणि उपक्रम मंदावला. यंत्रे उभी होती, पण त्यांना वेधकर्ते उरले नव्हते. पोथ्या होत्या, पण वाचकवर्ग तयार झालेला नव्हता. ‘रेखागणित’ मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत विसाव्या शतकाच्या आरंभी छापले गेले, तर ‘सिद्धान्तसम्राट’ मुद्रणात येण्यास त्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. भाषांतर झाले, त्याचे ग्रहण झाले नाही.

या विस्मृतीतून जयसिंहाच्या उपक्रमाला इतिहासात स्थान देण्याचे मोठे कार्य मराठीत झाले. शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३–१८९८) यांनी दक्षिणा प्राइझ कमिटीच्या पारितोषिकाच्या निमित्ताने लिहिलेला भारतीय ज्योतिःशास्त्राचा इतिहास १८९६ मध्ये पुण्यात प्रसिद्ध झाला. कोणाचे काय, केव्हाचे आणि कशावरून, हे तीन प्रश्न त्यांनी ग्रंथामागून ग्रंथाला विचारले. ग्रीकांशी असलेल्या संबंधाचा विचारही त्यांनी अभिनिवेशापेक्षा प्रमाणांच्या आधारे केला. पुढे त्यांच्या ग्रंथाची हिंदी व इंग्रजी भाषांतरे झाली. जगन्नाथाने अरबीतून संस्कृतात आणलेली ऋणनोंदीची शिस्त दीक्षितांकडे इतिहासलेखनाची पद्धती झाली, असे म्हणण्यास हरकत नाही.

आज पुण्याच्या ‘आयुका’तील संशोधक २०१५ मध्ये सोडलेल्या ‘ॲस्ट्रोसॅट’ या भारतीय अवकाश वेधशाळेशी निगडित आहेत, आणि या संस्थेचे संस्थापक-संचालक जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी खगोलशास्त्र मराठीत सातत्याने लिहिले. जयपूरला जो वाचक मिळाला नाही तो मराठीत काही अंशी घडला. ‘दुर्बिणीतून वेध घेणे’ या नित्याच्या प्रयोगात फारसी ‘दूरबीन’ आणि संस्कृत ‘वेध’ एकत्र नांदतात. जयसिंहाच्या दरबारातील या दोन भाषांची साधने जयपूरला जोडता आली नाहीत. मराठीच्या वाक्यात ती जोडलेली आहेत. ती जोड ज्ञानव्यवहारात टिकवायची असेल तर भाषांतराला दुय्यम मानण्याची आपली सवय सोडावी लागेल, कारण जयपूरची तारकासूची मुळात भाषांतरांच्या मालिकेतूनच तेथवर पोहोचली होती.